गोंदण कातडीवर नसतं, कातडीत असतं: अवताराची स्किन थराथराने कशी घडवतात

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाची शिरपूरहून आली. जेवणं उरकली, भांडी घासून झाली, तशी ती ओट्यावर मायचा हात मांडीवर घेऊन बसली आणि मोबाइलने त्याचे फोटो काढू लागली. माय म्हणजे माझी आई, भाचीची आजी; घरात लहानथोर सगळे तिला मायच म्हणतात. तिच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपराच्या अलीकडेपर्यंत गोंदण आहे. विंचू, तुळशीवृंदावन, ठिपक्यांची एक ओळ आणि तिच्या भावाचं नाव. "हाई काय करी ऱ्हायनी वं?" म्हणून माय हसत होती. भाचीला तेच गोंदण 'सेकंड लाइफ' या संगणकातल्या जगातल्या आपल्या अवताराच्या, म्हणजे तिथे आपल्या वतीने वावरणाऱ्या बाहुलीच्या, हातावर हवं होतं. मला म्हणाली, "मामा, तुम्ही दिवसभर फोटोशॉपवरच असता. तुम्हाला दहा मिनिटांचं काम."

मला तीन आठवडे लागले. धुळ्यात लग्नाचे अल्बम आणि वाढदिवसाचे फ्लेक्स करण्यात माझी सोळा वर्षं गेली, लेअर, म्हणजे चित्राचा थर, काय असतो हे मला कुणी शिकवायची गरज नाही, अशा तोऱ्यात मी बसलो आणि पहिल्या दिवशी जे तयार झालं ते गोंदण नव्हतं, बबलगमसोबत मिळायचं ते पाण्याने चिकटवायचं चित्र होतं. कुठे चुकलो ते कळत गेलं तसतसं लिहून ठेवलं. त्याचाच हा लेख.

'सेकंड लाइफ' हे लिंडन लॅब या अमेरिकन कंपनीने २००३ साली सुरू केलेलं आभासी जग. त्यात हरणं-जिंकणं नाही. माणसं आपला अवतार घेऊन हिंडतात, घरं बांधतात, कपडे शिवून विकतात. तिथल्या स्किनचीच, म्हणजे अवताराच्या कातडीचीच, उदाहरणं घेतोय, कारण थरांचा सगळा हिशेब तिथे उघडा दिसतो. बाकीच्या जगांत नावं बदलतात, हिशेब तोच.

अंग उसवून टेबलावर

अवताराचं शरीर म्हणजे बारीक त्रिकोणांची पोकळ जाळी. तिला स्वतःचा रंग नाही. तिच्यावर एक सपाट चित्र गुंडाळतात, ती स्किन. आता गोल अंगावर सपाट चीज कशी बसवायची? हे कोडं आपल्या गल्लीतला शिंपी रोज सोडवतो. पाठ, पुढचे भाग, बाह्या असं सगळं सपाट कापडावर खडूने बेततो, कापतो आणि शिवून गोल करतो. स्किन करणारा उलट दिशेने जातो. आधीच शिवलेलं अंग शिवणीवर उसवायचं आणि तुकडे टेबलावर पसरायचे. या पसरलेल्या बेताला यूव्ही मॅप म्हणतात. यू आणि व्ही ही नुसती अक्षरं आहेत. एक्स, वाय, झेड आधीच जागेच्या तीन दिशांना देऊन झाली होती, म्हणून सपाट चित्राच्या दोन दिशांना त्यांच्या आधीची अक्षरं मिळाली. वळणदार पृष्ठभागावर चित्र चढवायची ही युक्ती एड कॅटमल यांनी १९७४ मध्ये युटा विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात मांडली. पुढे ते पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झाले.

'सेकंड लाइफ'मध्ये अंगाचे मुख्य तुकडे तीन: डोकं, कमरेवरचं अंग, कमरेखालचं अंग. प्रत्येकाला एक चौकोनी चित्र, साधारण १०२४ बाय १०२४ ठिपक्यांचं, म्हणजे पिक्सेलचं; अलीकडे २०४८चंही चालतं. डोक्याला जेवढी जागा तेवढीच दोन्ही पाय आणि कंबर मिळून. अन्याय वाटेल, पण बोलताना बघणारा चेहऱ्याकडेच बघतो.

शिंप्याकडून घ्यायचा दुसरा धडा म्हणजे माया. ब्लाउज बेतताना शिवणीबाहेर बोटभर कापड जास्तीचं सोडतात ती माया. स्किनमध्येही प्रत्येक तुकड्याचा रंग त्याच्या रेषेबाहेर आठ-दहा ठिपके पसरवून ठेवावा लागतो. कारण असं की अवतार लांब गेला की संगणक मूळ चित्र न वापरता त्याची लहान केलेली प्रत वापरतो. लहान करताना शेजारशेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढली जाते. रेषेबाहेर पांढरं मोकळं सोडलं असेल तर तो पांढरा सरासरीत शिरतो आणि अवताराच्या कुशीवरून पांढरा दोरा शिवल्यासारखी रेघ दिसते. जवळून काहीच दिसत नाही, दहा पावलं मागे गेलं की रेघ. माझी पहिली संध्याकाळ या रेघेने खाल्ली.

मानेची शिवण आणखी छळते. डोकं एका चित्रात, मान दुसऱ्यात. दोन्हीकडचा रंग एका आकड्यानेही हलला तर गळ्यात काळा दोरा बांधल्यासारखं दिसतं. म्हणून डोक्याच्या चित्रावर जो रंगबदल कराल तो तिन्ही चित्रांवर, त्याच आकड्यांनी.

घरात मुलं 'माइनक्राफ्ट' खेळत असतील तर हा सगळा प्रकार त्यांच्याकडून आधी बघून घ्या. तिथली स्किन फक्त ६४ बाय ६४ ठिपक्यांची, म्हणजे एकूण ४,०९६ ठिपके. अंग खोक्यांचं असल्यामुळे बेत म्हणजे मिठाईचा पुडा उलगडून सपाट केल्यासारखा. त्यातही दोन थर आहेत: आतला अंगाचा, बाहेरचा टोपी-जाकिटाचा. पूर्वी बाहेरचा थर फक्त डोक्याला होता; २०१४ च्या १.८ आवृत्तीपासून तो हातापायांना आणि धडालाही मिळाला. माझ्या पुतण्याने दुपारभरात त्यात पांढरी टोपी आणि गळ्यात उपरणं घातलेला माणूस केला. तो मला अजून जमत नाही.

थर म्हणजे काचा

थर समजायला अजिंठ्याइतकी चांगली शाळा नाही, आणि ती आम्हा खान्देशातल्या लोकांना जवळ आहे, जळगावहून सकाळी निघून संध्याकाळी परत. जिथे भिंतीचा पापुद्रा निघालाय तिथे थांबून बघा. आधी खडबडीत खडक, त्यावर मातीचा गिलावा, त्यावर पांढरा पातळ हात, मग रेषा, मग रंग. पहिल्या लेण्यात एकाच भिंतीवर गव्हाळ, तांबूस, सावळी, जवळजवळ काळी अशी कितीतरी माणसं आहेत, आणि काळ्या रंगाचीही माणसं मातकट किंवा मळकी दिसत नाहीत. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

संगणकातले थर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा. फोटोशॉपमध्ये ते १९९४ साली तिसऱ्या आवृत्तीत आले. त्याआधी जे रंगवलं ते खालच्यात कायमचं मिसळून जायचं. फोटोशॉप नको असेल तर गिम्प आणि क्रिता फुकट आहेत, आणि या कामाला दोन्ही पुरतात. वरची काच किती दाट आहे ते एका आकड्याने ठरतं. त्याला अल्फा म्हणतात: शून्य म्हणजे हवा, १०० टक्के म्हणजे भिंत. मधल्या आकड्यांचा हिशेब थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये नीट बसवून दिला, तो आजही तसाच चालतो. वरचा रंग गुणिले अल्फा, अधिक खालचा रंग गुणिले उरलेला भाग. संगणकात रंगाची प्रत्येक छटा ० ते २५५ मध्ये मोजतात. खाली कातडीचा लाल आकडा १५० आहे, वर गोंदणाचा ४०, अल्फा ६० टक्के. तर ४०चे ६० टक्के २४, १५०चे ४० टक्के ६०, बेरीज ८४. एवढंच गणित. ते प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचं वेगवेगळं चालतं.

माझ्या स्किनच्या फाइलमध्ये खालून वर जाताना हे थर आहेत: सगळ्यात खाली अंगाचा मूळ रंग, त्यावर जागोजागचा फरक, त्यावर सावल्या, त्यावर रंध्रं आणि सुरकुत्या, त्यावर तीळ-डाग, सगळ्यात वर किंचितशी चकाकी. प्रत्येकाला नाव दिलेलं. 'लेअर ३७ कॉपी २' असली नावं ठेवणाऱ्याला महिन्याने स्वतःचीच फाइल परक्याची वाटते. आणि हे थर कधी एकत्र करून सेव्ह करायचे नाहीत. पूर्वी एका गिऱ्हाइकाच्या अल्बमची फाइल जागा वाचवायला मी सपाट केली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी नवरीच्या शालूचा रंग बदलून मागितला. रात्रभर पदर कापत बसलो होतो. तेव्हापासून थर असलेली फाइल वेगळी आणि सपाट प्रत वेगळी.

खोडायचं असेल तरी खोडायचं नाही, मास्क लावायचा. मास्क म्हणजे थराला लावलेला काळा-पांढरा कागद: पांढरं तिथे थर दिसतो, काळं तिथे लपतो. चुकलं तर मास्क पुन्हा पांढरा केला की गेलेलं परत येतं. रबराने खोडलेलं येत नाही.

सावळा रंग म्हणजे गोऱ्यात काळा मिसळणं नव्हे

इथे जरा रेंगाळतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

भाचीने पहिल्यांदा एक तयार गोरी स्किन घेतली आणि वर करड्या रंगाचा अर्धपारदर्शक थर टाकून ती 'आपल्यासारखी' केली. अवतार चुलीतल्या राखेत लोळून आल्यासारखा दिसत होता. असं का होतं ते आकड्यांत बघू. समजा आपला गव्हाळ-सावळा रंग असा आहे: लाल १५०, हिरवा १००, निळा ७२. यातला जिवंतपणा लाल आणि निळ्याच्या फरकात आहे, तो इथे ७८. आता सावलीसाठी वर करडा ६०, ६०, ६० असा ५० टक्के टाकला. आले १०५, ८०, ६६. रंग गडद झाला, पण फरक उरला ३९. अर्धा जीव गेला. तीच राख.

त्याऐवजी सावलीचा थर 'मल्टिप्लाय' या पद्धतीवर ठेवा. या पद्धतीत दोन रंगांचा गुणाकार करून २५५ने भागतात, त्यामुळे वरचा थर खालच्याला फक्त गडद करू शकतो, झाकू शकत नाही. आणि सावलीचा रंग करडा न घेता तांबूस तपकिरी घ्या, समजा २००, १५०, १३०. आता येतात साधारण ११८, ५९, ३७. फरक ८१. सावलीही पडली आणि रक्त अंगात राहिलं.

हे नुसतं आकड्यांचं खूळ नाही. खरी कातडी स्वतःच थरांची असते. प्रकाश वरच्या थरातून थोडा आत शिरतो, आतल्या रक्ताला भिडून तांबूस होऊन बाहेर येतो. रात्री टॉर्चवर तळहात ठेवून बघितला नसेल असा माणूस नसेल. सावलीच्या कडेला जी ऊब दिसते ती यातून येते. आणि सावळ्या माणसाचा रंग अंगभर एकसारखा कधीच नसतो: तळहात-तळपाय फिके, बोटांची पेरं, कोपर, गुडघे, मानेची मागची बाजू गडद, ओठांच्या कडा जांभळट. जागोजागच्या फरकाचा तो दुसरा थर म्हणूनच वेगळा ठेवायचा. तो बंद करून बघा, अवतार लगेच दुकानातल्या पुतळ्यासारखा दिसतो.

चकाकीबद्दल एक वाक्य. सावळ्या कातडीवर पांढरा ३० टक्के फासला तर पावडर लावल्यासारखं होतं. चकाकी लहान जागेत, नेमकी आणि कमीच ठेवा, कारण आभासी जगातला सूर्य स्वतःची चमक टाकतोच. चित्रातच नाकाच्या डाव्या बाजूला ऊन रंगवून ठेवलं आणि तिथला सूर्य उजवीकडून आला की तोंडावर दोन सूर्य.

याच कारणाने मायच्या हाताचे भाचीने उन्हात काढलेले फोटो बाद केले. आखाजीच्या दिवसांतलं आमच्याकडचं ऊन म्हणजे काय सांगावं. प्रत्येक सुरकुतीत काळी सावली, प्रत्येक उंचवट्यावर पांढरा डाग. दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत, उजेडात पण उन्हाबाहेर, हात पाटावर सपाट ठेवून पुन्हा फोटो घेतले. मग सवयीप्रमाणे साफसफाई केली: धूळ, भाजल्याचा जुना डाग, एकदोन तीळ. अल्बमवाल्याचा हात, डाग दिसला की पुसतो.

गोंदण आणि अंगावरचा रंग

आता ते बबलगमचं चित्र. मी काय केलं होतं? फोटोतून गोंदण कापून काढलं, काळंभोर केलं, कडा धारदार केल्या आणि सगळ्यात वर ठेवलं. दिसायला 'क्लिअर', लग्नाच्या अल्बममध्ये असंच आवडतं. पण मायच्या हाताकडे बघा. तिचं गोंदण काळं नाहीच. हिरवट-निळं आहे. कडा विरलेल्या आहेत. आणि सुरकुत्या त्याच्या वरून जातात.

सुईने टोचलेली काजळी कातडीच्या वरच्या थराखाली, आतल्या थरात जाऊन बसते. वरचा थर झिजतो, नवा येतो. आतला टिकतो, म्हणून गोंदण जन्मभर राहतं. आपण ते वरच्या थरातून बघत असतो. तो थर पडद्यासारखा मध्ये येतो आणि प्रकाश विखुरताना काळ्याला निळसर करतो. शिवाय शरीर त्या कणांना हळूहळू हलवत राहतं, म्हणून साठ वर्षांच्या गोंदणाची कड कालच्या गोंदणाइतकी धारदार राहत नाही.

याच्या उलट बाजूला काठीची होळी आहे. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीला होळीच्या रात्री सातपुड्यातली माणसं अंगभर पांढरे ठिपके आणि नक्षी काढून, कमरेला घुंगरू-भोपळे बांधून, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप घालून नाचतात. तिथला रंग कातडीच्या वर बसलेला असतो. तो रंध्रं झाकतो, चकाकी मारतो, घामाने ओघळतो, सुकल्यावर तडकतो. अवतारासाठी दोन्हींना 'टॅटू लेअर' असंच नाव आहे, पण घडवायची रीत वेगळी. होळीच्या रंगाला अल्फा ९० टक्क्यांच्या आसपास, कड स्पष्ट, आणि मध्येमध्ये सुकून उडालेले कोरडे ठिपके. गोंदणाला अल्फा ६० ते ७०, कड एकदोन ठिपके धूसर, रंग काळ्याऐवजी गडद हिरवट-निळा.

राहिली सुरकुत्यांची अडचण. माझ्या फाइलमध्ये मी गोंदण रंध्रांच्या थराखाली सरकवलं की काम झालं. पण भाचीला गोंदण वेगळं हवं होतं, आज या स्किनवर, उद्या दुसऱ्या. 'सेकंड लाइफ'मध्ये टॅटूचा थर स्किनच्या वरच चढतो, मध्ये शिरत नाही. आणि तिथे मल्टिप्लायही नाही. अंगावर चढवलेले थर फक्त साध्या अल्फाच्या हिशेबाने मिसळतात. फोटोशॉपमध्ये गोंदणाचा थर मल्टिप्लायवर ठेवून खूश झालेला माणूस तिथे गेला की फसतो. मग काय केलं, तर रंध्रांच्या आणि सुरकुत्यांच्या थराची प्रत घेऊन ती गोंदणाच्या मास्कमध्ये अगदी फिकी चिकटवली. जिथे सुरकुती तिथे गोंदण किंचित पातळ, खालची कातडी डोकावते. थर वरच आहे, पण डोळ्याला आतला वाटतो. सबंध तीन आठवड्यांत मला स्वतःवर खूश व्हावंसं वाटलं ते या एका ठिकाणी.

पांढरी किनार

गोंदणाच्या भोवती बारीक पांढरी झालर आली तर समजा की कडेच्या ठिपक्यांखाली पांढरं लपलंय. अर्धपारदर्शक ठिपक्यालाही रंग असतो. पांढऱ्या पानावरून गोंदण कापलं असेल तर कडेचा ठिपका बहुतेक पांढराच राहतो. अल्फा ५० टक्के असेल तर २५५चा अर्धा आणि १५०चा अर्धा, मिळून २०२. सावळ्या हातावर २०२ म्हणजे चुना. तोच ठिपका शाईच्या रंगाचा, म्हणजे ४०चा असता तर आले असते ९५, आणि कड गुपचूप कातडीत विरली असती. गोऱ्या स्किनवर ही झालर दिसतही नाही. म्हणून परदेशी व्हिडिओंमध्ये लोक यावर फार वेळ घालवत नाहीत आणि आपण मात्र डोकं धरून बसतो.

उपाय सोपा आहे. गोंदणाच्या थराखाली पूर्ण चौकोन भरून शाईचाच रंग टाकायचा, आणि आकार फक्त अल्फा चॅनलमध्ये, म्हणजे अल्फाचे आकडे वेगळे साठवतात त्या भागात, ठेवायचा. टीजीए आणि पीएनजी हे चित्र साठवायचे दोन प्रकार. ३२ बिट टीजीए फाइलमध्ये हे सरळ जमतं. पीएनजी करताना फोटोशॉप पारदर्शक जागेतला रंग टाकून देतो. गिम्पमध्ये पारदर्शक ठिपक्यांचे रंग जपायचा पर्याय सेव्ह करतानाच विचारतात, तो चालू ठेवायचा.

बेक

अवतारावर स्किन, टॅटू, बनियन, शर्ट, जाकीट असे थर एकावर एक चढतात. बघणाऱ्या प्रत्येकाच्या संगणकाने हे सगळे वेगळे उचलायचे म्हटलं तर तो मान टाकेल. म्हणून सगळ्यांचं मिळून एक सपाट चित्र करतात आणि तेच बाकीच्यांना पाठवतात. याला बेक करणं म्हणतात. शब्द योग्य आहे. मांडा खापरावरून उतरला की त्यातली कणीक आणि पुरण वेगळं काढता येत नाही. २०१३ पर्यंत हे भाजणं ज्याच्या त्याच्या संगणकावर व्हायचं, आणि ते फसलं की अवतार करडा किंवा नुसता ढग दिसायचा. त्या वर्षी ते काम कंपनीच्या सर्व्हरवर गेलं.

मधल्या काळात एक गंमत झाली. २०११ मध्ये बाहेर घडवलेली जाळीदार शरीरं आणायची सोय आली. ती मूळ शरीरापेक्षा सुंदर होती, पण बेक केलेलं चित्र त्यांना लावता येत नसे. मग कारागिरांनी शरीरावर केसभर अंतराने दुसरं शरीर, त्यावर तिसरं असे पापुद्रे चढवले: एक टॅटूसाठी, एक आतल्या कपड्यांसाठी. या प्रकाराला लोक कांदाच म्हणत. एका माणसाला चार माणसांचं ओझं. २०१९ मध्ये 'बेक्स ऑन मेश' (मेश म्हणजे जाळी) आलं आणि जाळीदार शरीरालाही भाजलेलं एकच चित्र लावता यायला लागलं. कांदा सोलला गेला. आजही जुन्या स्किनसोबत त्या पापुद्र्यांच्या फाइली येतात. नव्या शरीराला त्यांची गरज नाही.

ओझ्याचा हिशेब एकदा करून ठेवा. १०२४च्या चित्रात १०,४८,५७६ ठिपके, प्रत्येकाला ४ बाइट, म्हणजे ग्राफिक कार्डच्या मेमरीत ४ एमबी. २०४८चं केलं की १६. तीन तुकड्यांचे ४८. मैफलीत ४० जण जमले तर नुसत्या कातडीचे १,९२० एमबी. १०२४वर तेच ४८० एमबी. मायच्या गोंदणाला १०२४ भरपूर झालं. मोठं चित्र म्हणजे चांगलं चित्र हा फ्लेक्सवाल्यांचा समज आहे, मी त्यातलाच, म्हणून सांगतो.

बेकमध्ये अजून एक खोडा. जुन्या बेतात दोन्ही हात एकाच तुकड्यावरून रंगतात. म्हणजे उजव्या हातावर गोंदण काढलं की डाव्यावर आपोआप येतं, आरशातल्यासारखं उलटं. विंचवाचं कुणाला कळणार नाही, पण मायच्या भावाचं नाव डाव्या हातावर उलटं उमटलं आणि भाची खो खो हसत सुटली. २०१९ मध्येच डाव्या हातासाठी आणि डाव्या पायासाठी वेगळे चॅनल, म्हणजे चित्राच्या स्वतंत्र जागा, आले, 'युनिव्हर्सल' नावाच्या थरात. शरीर ते ओळखणारं हवं, आणि मग डाव्या हाताची कातडीसुद्धा त्या चॅनलमध्ये स्वतंत्र द्यावी लागते. कटकट आहे. पण नाव सरळ आलं.

तपासताना दर वेळी चित्र अपलोड करू नका, त्याला पैसे पडतात. लोकल टेक्स्चरची सोय आहे: फाइल आपल्याच संगणकावर राहते, फोटोशॉपमध्ये सेव्ह केली की अवतारावर लगेच बदलते, फक्त आपल्याला दिसते. नाहीतर चाचणीच्या जगात जा, तिथे अपलोड फुकट. त्या चाचणीच्या जगाचं नाव 'अदिती' आणि मुख्य जगाचं 'अग्नी', हे मी भाचीला दोनदा विचारून खात्री करून घेतलं. अवतार हा शब्द तर आपलाच. दुपार, संध्याकाळ आणि मध्यरात्र अशा तीन उजेडांत अवतार उभा करून बघा. मानेची शिवण मध्यरात्रीच्या निळ्या उजेडातच पकडली जाते.

दुसऱ्याने विकत दिलेली स्किन बदलून स्वतःच्या नावाने विकायची नाही. आणि कुणाच्या फोटोवरून कातडी किंवा चेहरा घेताना त्या माणसाला विचारायचं. मायला आम्ही विचारलं होतं. तिला वाटलं आधार कार्डाचं काम आहे.

तयार झाल्यावर भाचीने व्हिडिओ कॉल लावला, मी लॅपटॉप मायसमोर धरला. अवतार हात पुढे करून उभा होता. मायने चष्मा लावला, स्क्रीनवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या हातावर, मग पुन्हा स्क्रीनवर. "पाच टिपका व्हतात," ती म्हणाली. "आठे चारच शेतस." म्हणजे इथे चारच आहेत. साफसफाईत तीळ समजून मी तिच्या ओळीतला शेवटचा ठिपका पुसला होता. मूळ फोटोचा थर सगळ्यात खाली लपवून तसाच ठेवलेला होता. तिथून ठिपका उचलला, मास्कमध्ये बसवला, सेव्ह केलं. कॉल चालूच होता.